चादरीवरचा सुपरमॅन

यंदा ९४ जण आले आणि त्यातले निम्मे आभारप्रदर्शनाच्या आधी उठून गेले. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने लिहिता येईल.

आमच्या मंडळाला नाव नाही. नाव ठेवण्यासाठी दोनदा सभा बोलावली, दोन्ही वेळा चहा संपला आणि ठराव तसाच राहिला. नाशिकमध्ये लोक आम्हाला 'सुपरमॅनवाले' म्हणतात, थोडं हसून म्हणतात, आणि आता आम्हीही फोनवर तसंच सांगतो.

सुरुवात २००४ सालची. १० ऑक्टोबरला ख्रिस्तोफर रीव्ह गेला. १३ तारखेला विधानसभेचं मतदान होतं, सगळ्यांना सुट्टी, म्हणून बोटाला शाई लावून अकरा जण वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमलो. पितृपक्ष उतरणीला लागला होता. शिपाईमामांनी कुलूप काढता काढता विचारलं, "कोण वारलं?" कुणीतरी म्हणालं, "सुपरमॅन." मामांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, खाली जाऊन पिण्याच्या पाण्याची कळशी भरून आणली. ती शोकसभा होती. पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा जमायचं ठरलं आणि मग दर ऑक्टोबरचा दुसरा रविवार आमचाच झाला. यंदाचा बाविसावा. त्यातले करोनातले दोन फोनवर झाले, पण ते धरायचे असं ठरलंय.

दीपप्रज्वलन, अहवालवाचन, शाल-श्रीफळ हे सगळं असतं. अहवाल मीच वाचतो, तेव्हा त्याबद्दल न बोललेलं बरं. खरा कार्यक्रम म्हणजे भाषणं. दर वर्षी एकेकाने सुपरमॅन केलेला एकेक नट घ्यायचा, पडदा म्हणून टांगलेल्या चादरीवर पाच-सात मिनिटांचे तुकडे दाखवायचे आणि तो का भारी ते सांगायचं.

कर्क ॲलिन नेहमी पहिला, कारण तो पहिलाच. १९४८ ची सिरीयल, १५ भाग. उडायची वेळ आली की माणूस गायब व्हायचा आणि त्याच्या जागी कार्टून उडायचं. लहान मुलांना हे इतकं आवडतं की पुन्हा पुन्हा लावावं लागतं. मग टीव्हीवरचा जॉर्ज रीव्ह्ज, १०४ भागांचा. याच्यात आणि ख्रिस्तोफर रीव्हमध्ये दर वर्षी कुणीतरी घोळ घालतंच. दोघांचं नातंगोतं काही नाही, तरी शेवटी आम्ही त्यांना 'थोरले' आणि 'धाकटे' करून टाकलं. थोरल्यांचा पोशाख सुरुवातीला निळा-लाल नव्हताच, करडा-तपकिरी होता. चित्रण कृष्णधवल होतं ना, त्यात तेच रंग नीट उठून दिसायचे. आमच्यातले एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर एवढ्या एका मुद्द्यावर वीस मिनिटं बोलू शकतात, आणि बोलले आहेत.

पण मी थांबतो तो आमच्या काकांच्या भाषणाशी. काका नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर खरी नोट आणि खोटी नोट यांतला फरक बघितलेला माणूस, त्यामुळे की काय, त्यांचं म्हणणं एकच असायचं: सुपरमॅन कुणीही करील, क्लार्क केंट करून दाखवा, म्हणजे सुपरमॅन ज्याच्या आड लपतो तो चष्मेवाला, बुजरा बातमीदार. छाती फुगवून उभं राहायला व्यायामशाळा पुरते. धाकट्यांनाही ती तयारी डेव्हिड प्राऊजने करून दिली, तोच, 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखातला. पण क्लार्क व्यायामाने येत नाही. आणि ही गोष्ट नटांच्याही आधी रेडिओवर सुरू झाली, हे सांगताना काकांचा आवाज चढायचा. १९४० साली बड कॉलियर नुसत्या गळ्यावर दोन माणसं उभी करायचा. वाक्य क्लार्कच्या पातळ आवाजात सुरू व्हायचं आणि मध्येच खाली खर्जात उतरायचं. ऐकणाऱ्याला कपडे बदलताना दिसायचंच नाही, तरी बदललेले कळायचे.

आणि मग ते चष्मा काढायचे.

धाकट्यांच्या १९७८ च्या चित्रपटातला तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. त्याची आवडती सहकारी लुईस, तिच्या घरी क्लार्क उभा आहे, ती आत गेली आहे. आज सांगूनच टाकू, असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो, खांदे उघडतात, मान वर जाते, आवाज बदलतो. मग धीर सुटतो आणि माणूस पुन्हा आत आत मिटत जातो. कपडे तेच, केस तेच. काका हे चादरीवर कधी दाखवायचे नाहीत. स्वतः करायचे. तपकिरी फ्रेमचा चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. तो काढला की हा सव्वापाच फुटांचा माणूस, शपथेवर सांगतो, दोन इंच वाढायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आलेला पोऱ्या दारातच थांबला आणि कप एकमेकांवर किणकिणत राहिले. मग काका हळूहळू उतरायचे: आधी हनुवटी, मग खांदे, मग पोट सुटायचं, आणि शेवटी चष्मा. चष्मा घालताना काडी कानाला एकदा चुकवायचे. ती चूक मुद्दाम असायची, हे मला आठव्या-नवव्या वर्षी कळलं.

बाकीच्यांवर अन्याय नको. ब्रँडन रूथची आमच्याकडे एक कट्टर समर्थक आहे, आमच्या माजी खजिनदारांची पत्नी. २००६ साली त्या पोराला सुपरमॅन करायला दिलाच नाही, धाकट्यांची नक्कल करायला दिली, असं वहिनींचं म्हणणं. २०१९ मध्ये टीव्हीवर तो पिकल्या कानशिलांनी परत आला, तेव्हा वहिनींनी सगळ्यांना पेढे वाटले. 'स्मॉलव्हिल' मालिकेत दहा वर्षं आणि २१७ भाग सुपरमॅन होता होता राहिलेल्या टॉम वेलिंगवर एक इंजिनिअर पोरगा दर वर्षी बोलायला मागतो. त्याला आम्ही दहा मिनिटं देतो आणि तो पंचवीस घेतो.

हेन्री कॅव्हिलच्या वर्षी, २०१३ ला, खुर्च्या कमी पडल्या. शेजारच्या मंगल कार्यालयातून आणाव्या लागल्या. देखणा माणूस, त्यात वाद नाही. पण त्या चित्रपटात सुपरमॅन शत्रूची मान मोडतो आणि त्यावर आमच्या एक शिक्षिका बाई अशा काही बोलल्या की पुढच्या रांगेतल्या तिघांनी नकळत आपापल्या मानेला हात लावला. मिशीचा किस्सा नंतरचा, २०१७ चा. दुसऱ्या चित्रपटासाठी राखलेली मिशी कापायची परवानगी नाही, म्हणून ती संगणकाने पुसली आणि वरचा ओठ भलताच दिसायला लागला. आमचे सलूनवाले सभासद उठून म्हणाले, "माझ्याकडे पाठवला असता तर दोन मिनिटांचं काम होतं." सभागृहात इतकं हसू कधी झालं नव्हतं.

एका हशाचा मात्र मला अजून राग आहे. देशी सुपरमॅनचा विषय निघाला की लोक आधीच तोंड दाबून बसतात. १९८० साली तेलुगूत एन. टी. रामाराव, १९८७ साली हिंदीत पुनीत इस्सर. दुसऱ्याच वर्षी 'महाभारत' सुरू झालं आणि तेच इस्सर गदा घेऊन दुर्योधन झाले. आमच्या पिढीच्या डोक्यात तो गुंता कायमचा बसला, हे कबूल. पण हसायचं काय त्यात?

आणि मालेगाव. आमच्यापासून आग्रा रोडने दोन-अडीच तास. तिथल्या पोरांनी हिरवा पडदा लावून आपला सुपरमॅन उडवला. नट शफीक शेख, यंत्रमाग कामगार, अंगावर मांस नाही. गोष्टीतली त्याची लढाई तंबाखू विकणाऱ्यांशी, आणि त्याला स्वतःला तोंडाचा कर्करोग. त्यातच तो गेला. पुढे त्या मुलांवर चित्रपट आला, त्यात शशांक अरोराने शफीकची भूमिका केली. म्हणजे सुपरमॅन करणाऱ्याची भूमिका करणारा नट! हे बोलायला आम्ही मूळच्या मालेगावच्या एका सभासदाला उभं केलं, ज्याच्या वडिलांचंही आयुष्य मागावरच गेलं. हजेरी: १४. चौदा! त्यात मी, काका, माइकवाला आणि शिपाईमामा धरलेत. त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता म्हणे. तो पोरगा मात्र चौदा जणांसमोर चारशे असल्यासारखा बोलला. शफीकचा तुकडा संपला, चादर पांढरी झाली आणि प्रोजेक्टर बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. काका उठले आणि त्या वर्षी त्यांनी चष्म्याचा प्रसंग केला नाही. म्हणाले, आज नको.

गेल्या तीन वर्षांत काकांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. उभं राहता येतं, पण फार वेळ नाही. आता हे बंद करायचं का, असं कार्यकारिणीत कुणीतरी विचारलं. (कुणी ते मला माहीत आहे.) काका म्हणाले, खुर्ची आणा, हात असलेली. आणि बसल्या बसल्या केलं. चष्मा काढला, पाठ खुर्चीपासून चार बोटं सुटली, मान वर गेली. बसलेला माणूस उंच झाला. १९९५ च्या घोड्यावरच्या अपघातानंतर धाकटेही खुर्चीतच होते, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

यंदा २०२५ च्या चित्रपटातल्या सुपरमॅनची, डेव्हिड कोरेन्स्वेटची पाळी होती, म्हणून ती गर्दी. पोशाखावरची लाल चड्डी परत आली त्यावर पाऊण तास वाद, मुलं बाकांवर उभी. काकांनी मात्र एकच तुकडा मागितला: घरातच लुईस सुपरमॅनची मुलाखत घेते तो. समोर क्लार्क बसलेला आहे आणि उत्तरं सुपरमॅन देतोय. बघून काका म्हणाले, "याला जमलंय." त्यानंतर त्याच चित्रपटात बातमीदार म्हणून क्षणभर दिसणारा तरुण त्यांना दाखवला. हा धाकट्यांचा मुलगा विल, असं सांगितलं. काकांनी तो तुकडा तीनदा लावायला लावला आणि चौथ्यांदा चष्मा पुसायला घेतला. नेमके तेव्हाच ते निम्मे लोक उठले.

आता आभार. एका वर्षी पत्रिकेत एका वहिनींचं नाव राहिलं आणि त्यांनी तीन वर्षं पुरणपोळ्या पाठवल्या नाहीत. तेव्हापासून नावं घ्यायची नाहीत, फक्त कामं सांगायची, असा ठराव आहे. तर: पाणी भरणारे शिपाईमामा, ते निवृत्त झाल्यावर आलेले नवे मामा, माइकवाला आणि त्याचा भाऊ, प्रोजेक्टर देणारे कोचिंग क्लासवाले सर, प्रोजेक्टर बिघडला तेव्हा लॅपटॉप देणारी त्यांची मुलगी, चहावाले, चिवडा करणाऱ्या दोघी, पुरणपोळीच्या वहिनी (आधी लिहिलं आहे, तरी पुन्हा), मंगल कार्यालयातल्या खुर्च्या रिक्षातून आणणारे तिघे, त्यांतला एक चौथाही होता असं तो म्हणतो, फलक रंगवणारे मास्तर, चपला सांभाळणारी दोन पोरं, आणि पावसात जनरेटरवर छत्री धरून उभा राहिलेला माणूस, ज्याचं नाव ठराव नसता तरी मला सांगता आलं नसतं, कारण कार्यक्रम संपल्यावर तो दिसलाच नाही.

आणि चादर. ती काकूंची, म्हणजे काकांच्या घरची, डबल बेडची, पांढरी. २००५ पासून दर वर्षी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून येते. उजव्या वरच्या कोपऱ्यात चहाचा एक डाग आहे, पहिल्या वर्षी माझ्याच हातून पडलेला. काकूंनी सगळे साबण लावून पाहिले. उडताना प्रत्येक सुपरमॅन त्याच्यातून जातो. ॲलिनचं कार्टून गेलं, थोरले गेले, धाकटे, रूथ, कॅव्हिल, शफीक. यंदा कोरेन्स्वेट जाताना पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "तो ढग आहे का?" मी हो म्हणालो.