घोळ झालाय, मॅडम

आमच्या लोअर परळच्या ऑफिसात नवा लागलेला पोरगा आज सकाळी बॅगही न ठेवता थेट मॅडमच्या टेबलापाशी गेला. "मॅडम, घोळ झालाय. कालच्या बिलांना १८ टक्क्यांऐवजी ५ टक्के जीएसटी लावलाय मी."

आम्ही सगळे कान टवकारून. मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली. "बस आधी. बिलं किती पार्ट्यांना गेलीत? त्यांना फोन कर, कमी लावलेल्या रकमेची डेबिट नोट काढ. मला दाखवून पाठव." डबे उघडायच्या आत विषय संपला.

माझ्या आधीच्या ऑफिसात हेच प्रकरण थेट रिटर्न भरताना उघडकीस आलं असतं. तिथे साहेब सगळ्यांदेखत वाभाडे काढायचे. त्यामुळे चूक दिसली की माणसं फाइल बंद करून चहाला जायची. कागदोपत्री मात्र चुका नगण्य हो!

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांत असंच काहीसं आढळलं. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या! त्यांनी लावलेला अर्थ असा, की तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी टीममधल्या या निर्धास्तपणाचा शिकण्याशी आणि कामगिरीशी संबंध दाखवला.

मॅडम काही देवमाणूस वगैरे नाहीत हं. इन्क्रिमेंटच्या वेळी कंपनीचा एकेक रुपया स्वतःच्या पर्समधून जात असल्यासारख्या भांडतात. त्यावर मार्चमध्ये सविस्तर लिहीन, नोकरी शाबूत असली तर.