फोटोच्या रांगेत पोटरी धरते तेव्हा

गेल्या जानेवारीत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची हाफ मॅरेथॉन पळताना डोनाल्ड डकबरोबर फोटो काढायला मी अकरा मिनिटं रांगेत उभी होते. फोटो झकास आला. पण पुढचं पाऊल टाकलं आणि डाव्या पोटरीत असा पेटका आला की रस्त्याकडेच्या गवतावर बसकण मारावी लागली. पळताना काही झालं नव्हतं, उभी राहिले आणि घात झाला.

येत्या जानेवारीत तिथेच पूर्ण मॅरेथॉन आहे. २६.२ मैल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. या वेळी तयारीत पळण्याइतकंच थांबणंही धरलंय.

बाहेरच्यांना वाटतं, पार्कमधली शर्यत म्हणजे मजाच मजा. मजा आहेच, पण त्याला घड्याळ बांधलेलं आहे. दर मैलाला जास्तीत जास्त १६ मिनिटं. शेवटच्या धावपटूच्या मागून फुगे बांधलेल्या बायका नेमक्या याच वेगाने चालत येतात. सगळे त्यांना ‘बलून लेडीज’ म्हणतात. त्यांच्या मागे पडलात तर बसमध्ये बसवून शेवटाकडे नेतात. फुग्यांची एवढी धास्ती मी आयुष्यात कधी घेतली नव्हती.

मग मी हिशोब मांडला. जेफ गॅलोवे यांची पळा-चाला-पळा पद्धत इथे निम्मे लोक वापरत असतील. ते १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेले. त्यांची ‘मॅजिक माईल’ची चाचणी सोपी आहे: एक मैल जमेल तितका जोरात पळायचा आणि त्या वेळेला १.३ ने गुणायचं. तोच मॅरेथॉनचा अंदाजे वेग. माझा मैल १० मिनिटं २० सेकंदांचा, म्हणजे उत्तर आलं १३:२६. हे सगळं जुळून आलं तर, हवा थंड असेल तर. मी आपले १४ धरले. मैलामागे दोन मिनिटं शिल्लक, गुणिले २६.२. झाली ५२ मिनिटं. ही माझी पुंजी.

त्यातून खर्च सुरू. वळणं नेहमी आतून घेता येत नाहीत, गर्दीत नागमोडी पळावं लागतं, त्यामुळे घड्याळ शेवटी २६.६ वगैरे दाखवतं. सहा मिनिटं तिथे गेली. स्वच्छतागृहाच्या दोन खेपा, बारा मिनिटं. फोटोंना वीस. उरलेली चौदा मोडायची नाहीत, ती शेवटच्या दहा मैलांची. नवरा म्हणाला, “अगं, घरखर्च तरी असा कधी लिहिलास का?”

धावपटूंना गटागटाने सोडतात, त्या गटाला कोरल म्हणतात. पुढच्या कोरलमध्ये जागा मिळाली तर हीच पुंजी वाढते, कारण फुगेवाल्या निघतात सगळ्यांच्या शेवटी. त्यासाठी आधीच्या एखाद्या शर्यतीतली चांगली वेळ पुरावा म्हणून द्यावी लागते. माझ्या खाती आहे ती पेटक्याची हाफ. तेव्हा तो विषय इथेच संपला.

मार्गाचंही लोकांना नीट कळत नाही. चार पार्क लागतात: मॅजिक किंगडम, ॲनिमल किंगडम, हॉलिवूड स्टुडिओज आणि एपकॉट. पण बहुतेक अंतर त्यांना जोडणाऱ्या मोठ्या रस्त्यांवरच कापायचं असतं. मॅजिक किंगडममधल्या किल्ल्यातून पळत जाण्याचं सुख काही मिनिटांचं, मग नुसतं डांबर. रस्त्यांचे रॅम्प एका बाजूला कललेले असतात. कडेने पळलं तर एक पाय सतत खाली पडतो, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. शक्य तितकं मधून पळायचं. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे आहेत आणि शर्यत संपते एपकॉटमध्येच. तिथे पोचेस्तोवर मला देश कुठला नि तळं कुठलं, काही दिसणार नाही याची खात्री आहे.

शर्यत पहाटे पाचला सुटते, म्हणजे हॉटेलमधून निघायला दोनला उठणं आलं. म्हणून दोन आठवडे मी संध्याकाळी सातला झोपण्याचा सराव करतेय. मुलगी याला ‘आजीचं टाइमटेबल’ म्हणते. हवेचा तर नेम नाही. फ्लोरिडातल्या जानेवारीची पहाट कधी कुडकुडवणारी, कधी घामट. २०१७ मध्ये विजांच्या भीतीने हाफ मॅरेथॉनच रद्द झाली होती. जुना स्वेटर बॅगेत ठेवलाय, अंगात ऊब आली की सोडून द्यायचा.

परवा २३ मैलांचा शेवटचा लाँग रन झाला. लाँग रन मुद्दाम हळू पळतात, मैलाला दोन मिनिटं जास्त घेऊन. मला सहा तासांना पाच मिनिटं कमी लागली. आल्यावर वरणभात, तूप आणि आडवी. दुसऱ्या दिवशी जिना उलटा, पाठीमागे तोंड करून उतरले. मांड्या पुढून भरून आल्या की हाच उपाय. हसायचं तर हसा. तीन दिवस पळणं बंद, फक्त चालणं. टाच मात्र सकाळी पहिल्या दहा पावलांना बोलते. आधी पलंगावरच टॉवेल तळव्याला अडकवून ओढते, मग उतरते. पूर्वी या टाचेकडे दुर्लक्ष करून पाच आठवडे घरी बसलेय, आता ती म्हणेल ते ऐकते.

पण त्या रनमधली खरी परीक्षा विसाव्या मैलाला होती. मुलीला पार्किंगच्या जागेत उभं केलं होतं, हातात फोनचं स्टॉपवॉच, डोक्यावर मिकीचे कान. मी जाऊन चार मिनिटं तिच्या शेजारी उभी राहायची. पहिला मिनिट बरा गेला. दुसऱ्या मिनिटाला पोटऱ्या दगड होऊ लागल्या. या वेळी मी नुसती उभी नव्हते. टाचा वर, टाचा खाली, वजन या पायावरून त्या पायावर, कडेने छोटी पावलं, रांगेतल्या अस्वस्थ मुलासारखी. चौथ्या मिनिटाला सुटले ते पळत नाही, मोजून साठ पावलं चालत, मग हळूच पळत. डावी पोटरी एकदा खेचली, पण धरली नाही.

मागून ओरडली, “आई, फोटो काढलाच नाही!”

मी वळले नाही. तिथे आधीच वीस सेकंद जादा गेले होते.