सहा इंची आरसा: कडेची दुरुस्ती आणि आयन झोताची रीत

दुर्बिणीसाठीच्या सहा इंची, एफ/8 (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरशाचे पॉलिशिंग पूर्ण झाले असून आता गोलीय पृष्ठभाग अन्वस्ताकार (पॅराबोलासारखा) करण्याचे काम चालू आहे. या मापाच्या आरशात दोन्ही आकारांतील फरक कडेशी सुमारे 290 नॅनोमीटर, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढाच असतो.

फूको चाचणीत, म्हणजे परावर्तित प्रकाश धारदार पात्याने अडवून पृष्ठभागाचा आकार पाहण्याच्या चाचणीत, अगदी बाहेरची कड खाली उतरलेली दिसते. पिच लॅप (काच घासण्याचे डांबरासारख्या पिचचा थर असलेले हत्यार) काचेबाहेर सरकला की त्याचा भार कमी क्षेत्रावर येतो, दाब वाढतो आणि कडेची काच जास्त झिजते. त्यातून सोलापूरचा उन्हाळा: चाळिशी ओलांडलेल्या तापमानात पिच मऊ पडून लॅप आकार धरत नाही, म्हणून सध्या काम पहाटे चालते आणि आरसा पुरता निवल्याशिवाय चाचणी होत नाही.

दाबाचा हा प्रश्न आयन झोताने आकार देण्याच्या पद्धतीत उद्भवतच नाही, आणि मला ती मनापासून आवडते ती यासाठीच. निर्वात कक्षात अरगॉनचे आयन साधारण हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने काचेवर सोडतात. आयन पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटर शिरतो, अणूंमध्ये धडकांची मालिका सुरू होते, आणि बंध तोडण्याइतकी ऊर्जा मिळालेले वरच्या थरातले मोजके अणू बाहेर उडतात. काच विद्युतरोधक असल्याने तिच्यावर धनभार साठू नये म्हणून झोतात इलेक्ट्रॉनही सोडावे लागतात. हत्यार काचेला टेकतच नाही, त्यामुळे कड आणि मध्य यांत झोताला भेद नसतो. हवाई बेटावरील केक दुर्बिणींचे आरसे षटकोनी कापल्यावर काचेतले ताण मोकळे होऊन आकार बिघडला, तेव्हा अखेरची दुरुस्ती याच पद्धतीने झाली.

झोताची तीव्रता सहसा स्थिर ठेवतात आणि प्रत्येक ठिकाणी तो किती वेळ थांबवायचा हे बदलतात. आधी पृष्ठभागाचा नकाशा घेतात, मग झोत एका जागी किती काच कोणत्या आकारात खोदतो हे मोजून थांबण्याचा काळ गणिताने काढतात. झोताच्या रुंदीपेक्षा बारीक लहरी मात्र त्याला काढता येत नाहीत, शिवाय वेग फार कमी. त्यामुळे चांगल्या पॉलिशला तो पर्याय नव्हे.

हा थांबण्याच्या काळाचा विचार मी हातकामात आणला आहे. दोन्ही पद्धती काच फक्त काढू शकतात, तेव्हा खाली गेलेली कड सुधारायची तर उरलेला पृष्ठभागच तिच्या पातळीला उतरवावा लागतो. कूडर मास्कने (आरशाची एकेक वलये वेगळी दाखवणाऱ्या खिडक्यांच्या झाकणाने) प्रत्येक वलयाची उंची काढून, त्या प्रमाणात लहान लॅपचे हात (घासण्याचे फेरे) वाटून दिले आहेत. सर्वांत जास्त हात कडेलगतच्या उंच वलयावर पडतील आणि कडेच्या शेवटच्या पट्ट्यावर लॅप जाणार नाही.