पारदर्शक रेघ नाहीच! खारघरचं ते गवत मारवेलच

ठरलं एकदाचं. खारघर टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या मोकळ्या प्लॉटवरचं जांभळट तुऱ्यांचं ते गवत डायकॅन्थियम ॲन्युलेटम आहे, म्हणजे आपली मारवेल.

ओळख पटवताना घोडं कुठे अडलं होतं ते सांगतो. पेरांवर पांढऱ्या केसांचं कडं मारवेलला असतं, तसंच बोथ्रिओक्लोआ पर्टुसा या हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या गवतालाही. बोटांसारखे तुरे दोघांना, कुसळंही दोघांना. खालच्या ग्लूमवर, म्हणजे बाहेरच्या तुसावर, टाचणीने टोचल्यासारखा खड्डा दिसला असता तर पर्टुसाकडे कल गेला असता. तो नव्हता, पण तेवढ्याने पर्टुसाचं भावंड बोथ्रिओक्लोआ ब्लाधी बाद होत नाही. त्यात ब्लाधीचा डायकॅन्थियमशी संकरही होतो!

शेवटी निकाल दिला देठाने. तुऱ्यात स्पाइकलेट, म्हणजे इवली कणसं, जोडीने असतात, एक बिनदेठाचं, एक देठवालं. बोथ्रिओक्लोआत देठवाल्या स्पाइकलेटच्या देठावर मधोमध पातळ, पारदर्शक रेघेसारखी पन्हळ असते, पण ती केसांत दडते. 10 एक्सच्या भिंगाने काहीच कळेना. फोनला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स तर कुणी घेऊच नका, कडा सगळ्या धूसर येतात. 20 एक्स, मागून टॉर्च आणि केस बाजूला सारायला टाचणी, एवढं जमवल्यावर दिसलं. वेगवेगळ्या ठोंबांवरचे देठ पाहिले. सगळे भरीव, उजेड कुठेच आरपार येत नाही. शिवाय तुऱ्याच्या तळाच्या स्पाइकलेटच्या जोड्या बिनकुसळाच्या. किती आनंद झाला सांगू!

तिथल्याच एका ठोंबात इव्हनिंग ब्राउन फुलपाखराची अळी मिळाली. पात्यासारखीच हिरवी, डोक्यावर दोन शिंगं. ठिपकेवाल्या मुनिया तर तुऱ्यांवर रोजच्याच. सोसायटीच्या लॉनवर सारखं मशीन फिरतं, तिथे दाणा धरायला वेळच मिळत नाही. मग मुनियांनी खायचं काय?

म्हणून बी गोळा करून सोसायटीच्या मागच्या पट्टीत पेरायचा बेत होता. ऑनलाइन मिळणारं ‘देशी गवत मिक्स’ मी आणणार नाही, पाकिटावर शास्त्रीय नावसुद्धा नसतं. पण हे लिहिताना सुचतंय, शेतकरी मारवेल लावतात ती ठोंबांनीच. प्लॉटला पत्रे लागलेत, म्हणजे खोदकाम फार लांब नाही. मग बी पिकायची वाट कशाला पाहायची? जमिनीत ओल आहे तोवर ठोंबच हलवू.

प्लॉटच्या मालकांनी हो म्हटलंय. रविवारी सकाळी कुदळ आणि ओली गोणपाटं घेऊन जातोय. बेलापूर-नेरूळकडे कुणाकडे उन्हाचा तुकडा असेल तर त्याआधी सांगा, तेवढे जास्त काढतो.