लस, चवथ आणि लांबलेली पाळी

‘लस घेतली आणि पाळी बिघडली’ ही तक्रार गोव्यात चवथीच्या सुमारास आली, की आधी विचारावं: पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या का? नोरेथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसाला 3 वेळा, तारखेच्या 3 दिवस आधीपासून. गणपती पोचवून गोळी थांबवली, की साधारण 2-3 दिवसांत अंगावर जातं, कधी नेहमीपेक्षा जास्त. त्याच आठवड्यात दंडात सुई बसलेली असली, की खापर लसीवर.

पण लसीमुळे काहीच होत नाही, असं सांगून बाईला परत पाठवणंही चूकच. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत सुमारे 4,000 जणींच्या ॲपवरच्या नोंदींचा अभ्यास आला. कोविडच्या डोसनंतर पाळी सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबली होती. दोन्ही डोस एकाच चक्रात पडलेल्यांची सुमारे 2 दिवस. नंतर गाडी रुळावर. जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूकडून अंडाशयाला जाणारे निरोप थोडे मागेपुढे करते, असा त्यामागचा तर्क आहे. बीज सुटण्याआधी डोस पडला तर फरक जास्त दिसतो, हेही त्याच्याशी जुळतं.

म्हणून कालनिर्णयवर डोसचा दिवस आणि पाळीचा पहिला दिवस दोन्ही लिहावेत. खाली लसीचं नाव, बॅच नंबर आणि त्या महिन्यात घेतलेली प्रत्येक गोळी. नुसत्या आठवणीवर कुणालाच निदान करता येत नाही.

पाळी आठवडाभर चुकली तर लसीचा विचार नंतर. आधी सकाळच्या पहिल्या लघवीवर गरोदरपणाची चाचणी. सलग दोन तास तासाला एक पॅड भिजलं, किंवा दहाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडल्या, तर थांबू नये. आणि पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला डाग दिसला, तर ‘लसीचंच असेल’ म्हणून घरी बसू नये. म्हापसा, मडगाव किंवा बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठावं, गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घ्यावी.

2021 च्या एप्रिलमध्ये ‘पाळीच्या 5 दिवस आधी-नंतर लस नको’ हा निरोप व्हॉट्सॲपवर फिरला. सरकारने तो खोटा ठरवला. तारीख खरोखर पाहायची ती रुबेलाच्या लसीला. ती जिवंत विषाणूची, म्हणून गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर 28 दिवस गर्भ राहू देऊ नये. नकळत घेतली गेलीच, तर तेवढ्यासाठी गर्भपात करायचं कारण नाही.