तुम्ही विचारलंत म्हणून: एक पोस्टकार्ड

जुन्या काळच्या सकाळच्या रेडिओविषयी मी एवढे भरभरून बोलतो, तर त्या वेळी एखाद्या निवेदकाला कौतुकाच्या दोन ओळी का लिहिल्या नाहीत, असे मला सारखे विचारले जाते. 2023 च्या जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा वृत्तविभाग हलवण्याचा आदेश निघाला आणि पुढे तो थांबवला गेला, तेव्हापासून तर जास्तच. ‘राहून गेले’ असे म्हणून मी आजवर विषय बदलत आलो. ते खरे नाही. मी एक पोस्टकार्ड लिहिले होते, आणि ते कौतुकाचे नव्हते.

1982 साली आम्ही कसबा पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. सातही बिऱ्हाडांत पुणे केंद्रच लागत असल्यामुळे नळावर जाऊन घागर भरून येईपर्यंत बातमीतला एक शब्दही चुकत नसे. सहा पंचावन्नला दिल्लीहून ‘इयम् आकाशवाणी’ ऐकू आले की आई चहाचे आधण ठेवी. बलदेवानंद सागर यांचे संस्कृत आम्हाला कितपत कळे, हा प्रश्न वेगळा. सातनंतर सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देऊ लागल्या की वडिलांचा दाढीचा ब्रश हवेतच थांबे. बातम्या देणाऱ्यांची नावे अशी कळत, निवेदकांची मात्र बहुधा कळत नसत. पुणे केंद्र 1953 मध्ये सुरू झाले आणि आई लग्न होऊन वाड्यात आली तीही त्याच वर्षी, त्यामुळे ते केंद्र तिला माहेरच्यासारखे वाटे. सकाळी शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका लावणारी निवेदिका तिच्या लेखी ‘आपली सकाळची बाई’ होती.

त्या बाईंनी एकदा ‘राग बिभास’ म्हटले. मी तेव्हा जेमतेम दोन वर्षे गाणे शिकत होतो, आमचे गुरुजी ‘विभास’ म्हणत, आणि तेवढ्या भांडवलावर 15 पैशांचे कार्ड आणून मी उच्चाराची चूक दाखवून दिली. कार्डाच्या तळाशी दोन बोटे जागा उरली होती. तिथे मी लिहिले, की ज्यांना रागाचे नाव धड घेता येत नाही त्यांनी लोकांना भल्या सकाळी उठवू नये.

तीन आठवड्यांनी श्रोत्यांच्या पत्रांच्या कार्यक्रमात माझे नाव आले, पेठेसकट. वाचत होत्या त्याच बाई. मी बादली घेऊन चौकात उभा होतो आणि सात घरांतून एकच आवाज माझे पत्र वाचत होता. शेवटची ओळ जवळ आली तसे माझे कान तापले. त्यांनी ती वाचलीच नाही. आधीच्या वाक्यावर थांबून त्यांनी नेहमीच्याच स्वरात सांगितले, की या रागाची बिभास आणि विभास ही दोन्ही नावे प्रचारात आहेत, आणि इतक्या बारकाईने ऐकल्याबद्दल आम्ही आभारी आहोत. रेडिओवर नाव आले म्हणून समोरच्या काकूंनी हातावर साखर ठेवली. आईने पोळी लाटता लाटता एवढेच विचारले, “कार्डावर अजून काही लिहिलं होतंस का रे?” मी नाही म्हणालो.

आता माझीही बाजू ऐका. ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक ज्या आवाजांनी आमच्या कानांत मुरवला, त्यांच्याकडूनच आम्ही चुका काढायला शिकलो. चूक कळवणारा श्रोता निदान ऐकत तरी असतो, असे त्या विशीतल्या मुलाचे म्हणणे आहे आणि ते मला अजून खोडता आलेले नाही. मग ती शेवटची ओळ कशासाठी, असे मी त्याला विचारतो. जागा उरली होती, म्हणतो.

पुढे क्षमेचे कार्ड का टाकले नाही, याला मी बाईंचे नाव माहीत नव्हते हे कारण देत आलो आहे. शिवाजीनगरच्या केंद्राच्या पत्त्यावर ‘सकाळच्या निवेदिका’ एवढेच लिहिले असते तरी ते पोचले असते. पहिले तसेच पोचले होते.