लाभ, एरडु, मूरु

'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' हे नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून आमच्या कंपूत त्या पिक्चरला 'पुसापुशी' म्हणायचे. कॉलेजात असताना, टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटजवळ एका मित्राची खोली होती, तिथं पाच जणांनी एका कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीनं बसून तो लावला. जिम कॅरी आहे म्हटल्यावर हसायला मिळणार, एवढीच आशा. अर्ध्या तासात दोघं झोपले, एक चहा पिऊन येतो म्हणून गेला तो गेलाच, आणि उरलेल्या दोघांत मी. ऐन रंगात करंट गेला. (बेळगावात वीज जात नाही, करंट जातो.) डीव्हीडी दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती. त्यामुळं पुढं चार वर्षं माझ्यापुरता तो पिक्चर एका स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली संपलेला होता.

टेबलाकडं येतोच. आधी गोष्ट. जोएल आणि क्लेमेंटाइन यांचं फाटतं. ती रागाच्या भरात एका क्लिनिकमध्ये जाऊन त्याच्या सगळ्या आठवणी डोक्यातून पुसून घेते. त्याला कळतं, तोही चिडून तिथंच जातो. तिची आठवण देणाऱ्या वस्तू घरातून गोळा करून पिशव्या भरून क्लिनिकवाल्यांच्या हवाली करायच्या. मग रात्री तुम्ही झोपलात की ते डोक्याला टोप घालून आपलं काम करणार. मेख अशी की पुसणं उलटीकडून चालतं. आधी ताजी भांडणं जातात, मग कंटाळ्याचे दिवस, मग हळूहळू सुरुवातीचे. भांडणं जात असतात तोवर गडी खूश. चांगले दिवस यायला लागल्यावर तो झोपेतच ओरडायला लागतो, थांबवा, थांबवा. ऐकतंय कोण? यंत्र सांभाळायला आलेली मंडळी त्याच्याच पलंगावर नाचतायत.

एका प्रसंगात दोघं पुस्तकांच्या दुकानात बोलत असतात आणि मागच्या शेल्फातली पुस्तकं एकेक करून कोरी होत जातात. पाट्यांवरची अक्षरं रंग फासून घालवलेली बघतच मोठं झालेल्या बेळगावकराला ते बघून वेगळीच कळ येते. पिक्चर आला २००४ साली. त्याच साली महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात लावला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण आमच्याकडं कुठलंही साल निघालं की माणूस त्याला सीमाप्रश्नाशी नेऊन बांधतोच. सवय.

तर टेबल. पुसणाऱ्यांपासून क्लेमेंटाइनला वाचवायचं म्हणून जोएल तिला अशा आठवणींत नेऊन लपवतो जिथं ती कधी नव्हतीच. पार लहानपणी. तो चार वर्षांचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसलेला, आणि ती आईच्या मैत्रिणीच्या जागी उभी. दिग्दर्शक मिशेल गोंद्री यानं तिथं कॉम्प्युटरची जादू वापरलेली नाही. सेटच असा तिरपा आणि लहानमोठा बांधला की टेबल अवाढव्य दिसावं आणि जिम कॅरी एवढासा. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की हा थोराड माणूस खरोखर चार वर्षांचा दिसतोय, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

आता आज्जी. आमची आज्जी बैलहोंगलची. जात एक, भाषा दोन. इथं त्याचं कुणाला नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि आजोबांनी त्या दिवसापासून कन्नडचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं, कन्नड बोलणाऱ्या मुलीशी. नियतीला विनोद कळतो म्हणायचं. आजोबा खडेबाजारात कापडाच्या दुकानी कामाला होते. सौंदत्ती-गोकाककडची गिऱ्हाइकं कन्नडमधून घासाघीस करायची, आजोबा मराठीतून भाव सांगायचे आणि लुगडं विकलं जायचं. त्यांना कन्नड कळत होतं सगळं. बोलायचे नाहीत, एवढंच.

मग शिकलं कोण? आज्जी. ती मराठी इतकी शिकली की भांडायचीसुद्धा मराठीत. तिला काय वाटलं असेल, हे घरात कधी कुणी विचारलं नाही, मीही नाही. फक्त तांदूळ मापताना ती घसरायची. पहिल्या मापाला सगळ्यांसारखी 'लाभ' म्हणायची आणि पुढं कन्नडमध्ये एरडु, मूरु, नाल्कु. आजोबा सोप्यावर पेपर वाचत असायचे. त्यांना ते ऐकू यायचं, पण त्यांनी कधी टोकलं नाही. मोजदादीला बहुतेक माफी असावी.

२०१२ च्या आसपास आज्जीचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग नातवंडं, मग सुना. ताजं आधी. आणि एका सकाळी तिची मराठी गेली. आईनं चहा पुढं केला तर म्हणाली, "यार्री नीवु?" कोण तुम्ही? डॉक्टर म्हणाले, असं होतं, नंतर शिकलेलं आधी जातं, लहानपणचं शेवटपर्यंत टिकतं. थिओद्यूल रिबो नावाच्या फ्रेंच माणसानं हे १८८१ सालीच लिहून ठेवलंय, असं मी पुढं वाचलं. त्या दिवशी मात्र मला आठवला तो पिक्चर. उलटीकडून चाललंय की हे!

आजोबांचे ते पंधरा दिवस बघवत नव्हते. संध्याकाळी फिरून आले की, "अगं, मी आलोय," म्हणायचे. ती पदर सावरून भिंतीला सरकायची आणि 'अव्वा, अव्वा' करून स्वतःच्या आईला हाका मारायची. परका म्हातारा घरात घुसलाय आणि भलत्याच भाषेत जवळीक दाखवतोय. घाबरेल नाही तर काय?

मग एका संध्याकाळी आजोबा उंबऱ्यातच थांबले. टोपी काढून हातात घेतली. घसा खाकरला आणि म्हणाले, "ऊटा आतेन्री?"

जेवण झालं का. बस, एवढंच. आई हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. पन्नाशीला आलेल्या माझ्या वडलांनी आपल्या बापाच्या तोंडून पहिल्यांदा कन्नड ऐकलं. आणि ते सुद्धा मोडकंतोडकं नाही, बैलहोंगल बाजारात खपेल असं. आज्जीचा चेहरा सैलावला. "इन्ना इल्लरी. बर्री, कूड्री." यावं, बसावं.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी तिच्या माहेरी पाहुणे म्हणून जायचे. कधी वडलांचे स्नेही, कधी शेजारगावचे मास्तर. ती ठरवेल ते. एकदा तिनं त्यांना कापसाचा अडत्या ठरवलं आणि भाव विचारला. आजोबांनी तोही सांगितला, आणि कमी वाटला म्हणून ती रागावली. एकदाच धीर करून ते म्हणाले, "नानु निम्म मनियवरु." मी तुमच्या घरचा, म्हणजे नवरा. त्यावर ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की ठसका लागला. ते इतके म्हातारे नाहीत, म्हणाली.

त्या काळातच कधीतरी मी तो पिक्चर पुन्हा लावला, म्हटलं शेवट तरी बघू. शेवट चांगला आहे. दोघं एकमेकांबद्दल नोंदवून ठेवलेल्या तक्रारी टेपवर ऐकतात आणि तरी पुन्हा सुरुवात करायला राजी होतात. लोकांना तोच आवडतो. मला विचाराल तर त्यांना काय, काहीच आठवत नव्हतं. राजी होणं सोपं होतं. मी मागं नेऊन ते टेबलच तीनदा बघितलं.

आज्जी २०१६ मध्ये गेली. दिवसकार्य झाल्यावर काही कामासाठी आजोबांना घेऊन गावात गेलो होतो. परतताना सिटी बसमध्ये गर्दी. कंडक्टर वाकून म्हणाला, "यल्लिग्री, अज्जा?"

"वडगाव. दोन," आजोबा म्हणाले.

त्यानं कन्नडमधूनच सांगितलं, नोट नको, सुटे द्या, माझ्याकडं चिल्लर नाही.

"मला कन्नड येत नाही," आजोबांनी बजावलं, खिशात हात घातला आणि नाणी मोजून बरोब्बर त्याच्या तळहातावर ठेवली.